उंबराखालची सपाट जागा

खरं सांगा, तास-दोन तास आपली जागा सोडून जायचं असेल तर भरवसा कोणावर ठेवाल? वस्तूवर? पाटीवर? का जिवलग मित्रावर? आम्ही सगळ्यांवर ठेवून बसलोय. म्हणून विचारतो.

दुकानात जुना माल माळ्यावर साठत जातो. आपण विसरून जातो, आणि एक दिवस दोरीचं एक बंडल ओढावं तर अख्खा ढीग डोक्यावर! आमच्या चौकडीचे किस्से तसेच. एक सांगायला जावं तर पाच खाली येतात, आणि त्यातल्या चारांत आमची मान खाली.

चौकडी म्हणजे कोण? एक मी. डोंबिवलीत ताडपत्री, दोरखंड आणि छत्र्या विकतो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुसरा ठाकुर्लीचा सावंत, मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. नौपाड्याचे मोने सर रिटायर शिक्षक, आणि विठ्ठलवाडीचे गायकवाड पाणीखात्यातून रिटायर. त्यांच्या बुद्धविहाराचे सेक्रेटरी, आणि तोंडाने फटकळ.

थंडीत महिन्यातल्या एका रविवारी आम्ही टिटवाळ्याच्या पुढे नदीकाठी तंबू ठोकून राहतो. काठ लांबलचक, पण सगळा दगडगोट्यांचा. सपाट मातीची जागा एकच, उंबराखाली. सावलीही तेवढीच. आणि आम्हाला ती हवीच, कारण सावंतची कंबर! मणक्याची गादी सरकलेली. डॉक्टरने बजावलंय, "जमीन सपाट असेल तर जा, नाहीतर घरी बसा." जागा गेली की सावंतचं येणं बंद. मग तो दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक.

अडचण एवढीच, की तंबूचे बांबू गावात ओळखीच्या घरी ठेवलेले. ते आणि पाणी आणायला चौघांनी जायचं, आणि तेवढ्या वेळात जागा राखायची. कशी?

*

सावंत मूळचा कोकणातला. खिडकीतून रुमाल टाकून एसटीत सीट धरण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. पहिल्या वेळी त्याने उंबराखाली आपला टॉवेल पसरला. "कोण हात लावतोय बघू!"

परत आलो तर नदीतून नुकतेच निघालेले एक जाडजूड गृहस्थ आमच्या जागेत उभे. त्याच टॉवेलने डोकं पुसतायत!

"अहो, टॉवेल आमचा आहे," सावंत म्हणाला. "जागा धरलेली आम्ही."

"असं होय? मला वाटलं कोणीतरी सोयीसाठी ठेवलाय!" त्यांनी टॉवेल पिळून सावंतच्या हातात दिला. जागा काही दिली नाही.

*

पुढच्या वेळी मी म्हटलं, टॉवेल कसला, माझा धंदा कशासाठी आहे? दुकानातली सगळ्यात मोठी निळी ताडपत्री अंथरली, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले आणि निघालो.

आलो तर तिच्यावर ठाण्याच्या कुठल्यातरी ऑफिसची अख्खी पिकनिक! एक बाई उठून म्हणाल्या, "या ना काका, बसा. जागा खूप आहे!"

एवढ्या प्रेमाने बोलावल्यावर काय बोलणार? बसलो. त्यांचा पुलाव खाल्ला. माझ्याच ताडपत्रीवर पाहुणा होऊन मी दोनदा पापडही मागून घेतला.

संध्याकाळी मंडळी निघाली आणि मी ताडपत्रीची घडी घालायला घेतली. त्याच बाई मागे वळल्या. "काका, ती कोणाचीतरी आहे हं. जेवलात ना? मग आता ती तरी राहू द्या!"

गायकवाड तिकडे तोंड करून हसत होते. मी घडी उलगडून परत अंथरली!

*

मग ठरलं, माणूसच ठेवू. मोने सरांना बसवलं. अख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारा माणूस!

परत आलो तर उंबराखाली चार बिऱ्हाडं. चुली पेटलेल्या. मोने सर लांब एका धोंड्यावर अवघडून बसलेले आणि मांडीवर कोणाचंतरी तान्हं बाळ.

"सर, हे काय?"

"अरे, त्यांनी फार अदबीने विचारलं रे."

"चौघांनीही?"

"पहिल्याला हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? पक्षपात झाला असता! हळू बोल, आत्ताच झोपलंय."

त्या रात्री सावंत दगडांवर झोपला. सकाळी त्याला दोघांनी धरून उठवलं, आणि मोने सर तिकडे बघतच नव्हते.

*

त्यानंतर गायकवाडांनी पुठ्ठ्यावर रंगाने लिहून आणलं: 'सावधान! येथे नाग आहे.' म्हणाले, "भीतीसारखा वॉचमन नाही."

आलो तर हीऽऽ गर्दी! मोबाइल वर धरलेले. मध्ये हातात काठी घेऊन एक तरुण सर्पमित्र, कोणीतरी फोन करून बोलावलेला. आम्ही पुढे सरकलो तसा ओरडला, "अंकल, पीछे! म्हातारपणी डेअरिंग नको!"

पोरगं घामाघूम होऊन उंबराची मुळी न् मुळी तपासत होतं. सुट्टीचा दिवस, डब्बासुद्धा खाल्ला नव्हता. आम्ही चौघं हात बांधून उभे. मोने सर तर "बापरे, केवढा असेल हो?" असंही म्हणून गेले!

जाताना पोरगं दमून म्हणालं, "आज नाही सापडला, सॉरी अंकल." गायकवाडांनी मुकाट्याने आपला डबा त्याला दिला.

*

आणि आता जे सांगायला जीभ रेटत नाही, ते.

गेल्या हिवाळ्यात सावंतची कंबर फारच धरली. टिटवाळ्याला उतरल्यावर त्याने मला देवळाबाहेरच्या दुकानाशी नेलं. "शेठ, शेंदूर घे. तेलपण."

"कशाला?"

"देवाला कोण उठवणार?"

मी घेतला.

गायकवाड एकटेच बोलले. "मी देव मानत नाही. तुम्ही मानता ना रे? मग तुम्हाला भीती कशी वाटत नाही?" मोने सर चष्मा पुसत राहिले.

नदीतला एक गोल गोटा आणून उंबराच्या बुंध्याशी ठेवला, शेंदूर फासला. वर जास्वंदीचं फूल मी ठेवलं. माल मांडायची सवय! देव एकदम जुना दिसायला लागला.

बांबू घेऊन परत आलो तर जागा मोकळी! "बघितलंस?" सावंत खूश. मग त्याचं हसू तसंच राहिलं.

पलीकडे, भर उन्हात गोट्यांवर एक म्हातारी बसलेली. मांडीवर गोधडीत गुंडाळलेली नात, तापाने गाल लाल झालेले. दवाखान्यातून पायी घरी निघालेल्या, दम खायला थांबलेल्या.

"आजी, सावलीत बसा ना," मोने सर म्हणाले.

"नको बाबा. तिथं देव आहे. पोरीचा पाय लागला म्हंजे?"

उंबराखाली बघितलं. गोट्याभोवतीचा पालापाचोळा झाडून काढलेला. समोर अर्धी भाकरी.

"आजी, अहो तो देव..." सावंतने सुरुवात केली, मग म्हणाला, "शेठ, तूच सांग," आणि माझ्याकडे बघायला लागला. मी बांबू मोजल्यासारखं केलं.

गायकवाड गेले, पोरीला गोधडीसकट उचललं आणि उंबराखाली, अगदी गोट्याला लागून, सावलीत निजवलं. "पाप लागलं तर मला लागू दे, आजी."

म्हातारी मागोमाग आली. आधी गोट्याला हात जोडले, मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही कायम येता इकडं?"

"महिन्यातून एकदा."

"हे तुम्हाला शेठ म्हणतात. दुकान असंल?"

"आहे."

"मग एक करा. पाच नारळ बोललेय मी याला. पोरीचा ताप उतरला की आणीन, पण एकदम नाही जमायचं, एकेक करून आणून ठेवीन. तुम्ही लिहून ठेवा. आणि हिशोब खरा ठेवा हो शेठ, देवाचा आहे."