पुट्टी आणि पत्रा

निवृत्त झाल्यावर मी माझी जुनी अँबॅसडर पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली. शाळेत जायला-यायला मी वर्षानुवर्षं तीच चालवली. मग ती अंगणात लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. इंजिन महिनाभरात सुरू झालं. उरलं पत्र्याचं काम आणि रंग. त्यासाठी सबंध नगर पालथं घालावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पहिलं गॅरेज बायपासला, काचेचं. मालकानं गाडीकडे न बघता माझ्या मागे बघितलं.

"सर नाही आले?"

"कोण सर? गाडी माझी आहे."

"तसं नाही मॅडम, जरा टेक्निकल बोलायचं होतं."

टेक्निकल म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळलं: वरून रंगीत फिल्म चिकटवायची, आत पत्रा सडला तर सडू द्या. या गृहस्थाच्या बोटांना रंगाचा एक ठिपका नव्हता. दुसऱ्याची वही उतरवून आणणाऱ्या मुलांच्या तोंडावरही थोडी लाज असायची.

दुसरा म्हणे जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट. पाटीवर तसं लिहिलं होतं, शुद्धलेखनाच्या दोन चुका करून. त्यानं स्वतःच्या हातची चकचकीत जीप दाखवली. मी पर्समधून लोहचुंबक काढून दाराला लावलं. खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पत्र्यावर पुट्टीच एवढी थापली होती.

"आजकाल सगळेच असं करतात, मॅडम."

हे वाक्य मी चौतीस वर्षं मुलांकडून ऐकलं. त्यांना निदान मिसरूड फुटलेली नसायची.

मग कळलं, राहुरीला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पूर्वी उसाच्या ट्रकांच्या बॉड्या ठोकायचे. गाडी हळूहळू चालवत तिकडे नेली. चाचांनी गुडघे टेकून दाराखालचा पत्रा बोटानं दाबला. बोट आरपार गेलं. मी लगेच आधीच्या दोघांचा उद्धार सुरू केला: अडाणी, लबाड, कामचोर.

"बाई," त्यांनी मला थांबवलं, "त्यांनी तर गाडीला हातबी लावला न्हाई. कुजवली कोनी?"

मी वाकून त्या भोकाकडे बघितलं.

"लिंबाचा पाला साठला, पानी मुरलं. अधनंमधनं झाडू मारला असता तर माझ्याकडं यायचं कामच नव्हतं. शिकलेली मानसं लई बोलत्यात."

माझ्याशी आजवर असं कुणी बोललं नव्हतं. संताप आला, तरी काम त्यांनाच सांगितलं. त्यांनी काम घेतलं ते एका अटीवर: मी रोज येऊन डोक्यावर उभं राहायचं नाही.

अडीच महिन्यांनी गाडी मिळाली. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला होता. सांधा बोटालाही लागत नव्हता. मागच्या एका दाराचा पांढरा रंग मात्र किंचित पिवळट वाटला. मी तिथे थबकले ते चाचांनी बघितलं.

"काय बोलायचंय का, बाई?"

"नाही, चाचा," मी म्हणाले, आणि चावी घेतली.