पालीच्या खाचरातली माती

वितळलेल्या मेणाचा वास आला, की पालीचं ते भातखाचर आठवतं. राजगडाखाली मी प्रयोगशाळेसाठी बाटलीभर माती मागितली, तर खाचराच्या मालकाला मी संस्थानचा मोजणीदारच वाटलो. "जमिनीची प्रत लावाय आलाय न्हवं?" म्हणत त्यानं मला बांधावरच थांबवलं आणि माती स्वतः आणून दिली. मी बुचावर मेण ओतेपर्यंत तो टक लावून पाहत होता. पुण्यात त्या मातीत जीवाणूची नवीच जात निघाली. तिचं वर्णन माझ्या नावानं छापून आलं. पुढं त्याच खाचरातून तीनदा माती नेली, पण तो जीवाणू पुन्हा दिसला नाही. शेवटी मालकाची बायको म्हणाली, "सारा वाढंल म्हून ह्यांनी तवा माळावरली माती दिलती." छापील वर्णनात अजून भातखाचरच आहे, ते खोडायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.