सहा लाल फिती

त्यांना सगळे मोजणीकाका म्हणायचे. जमिनीवर मारा करणाऱ्या विमानांना बॉम्ब लावायचं काम ते एकोणीस वर्षं करत होते. घरातून निघताना गॅसची बटणंही मोजत. काकू म्हणायच्या, लग्नाच्या फोटोत यांचं तोंड उघडं आहे, कारण पाहुणे मोजणं चालू होतं.

मी साहित्य शिकून त्यांच्याच हवाई तळावर तांत्रिक पुस्तकं सांभाळायला लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत काका मला विमान समजावत. हे उंचावरच्या लढाईचं नाही, म्हणायचे. हे खाली येतं, डोंगरांमध्ये शिरतं, अडकलेल्या आपल्या माणसांच्या डोक्यावर घिरट्या घालतं. म्हणून वैमानिकाभोवती जाड चिलखत, नाकात तोफ, पंखांखाली सहा बॉम्ब.

बॉम्ब ज्या आकड्याला लटकतो, त्यात लाल फितीची एक पिन असते, त्या विमानाचा नंबर कोरलेली. पिन असेतो बॉम्ब सुटत नाही. उड्डाणाआधी काका सहाही पिना काढून विमानासमोर हात वर करत. वैमानिक फिती मोजून मान हलवे. मगच विमान सरके.

त्या दुपारी दरीत आपली तुकडी घेरली गेली होती. काकांनी हात वर केला. सहा फिती. विमानातून कॅप्टन मॅडमनी मान हलवली. विमान गेलं.

मी ड्यूटी रूममध्ये एक पुस्तक पोचवत होतो, तेवढ्यात काका आत आले. हातात एक पिन. पेटीत ठेवताना तिच्यावर दुसऱ्याच विमानाचा नंबर दिसला होता. फीत उसवली म्हणून टाका घालायला ती सकाळपासून त्यांच्या खिशात होती. पाच पिना काढून त्यांनी खिशात टाकल्या, तेवढ्यात कोणी हाक मारली. परत येऊन मोजल्या तर सहा भरल्या. डाव्या टोकाची तशीच राहिली.

टोकाचे दोन बॉम्ब जोडीनं सुटतात. उजवा सुटला आणि डावा राहिला, तर अरुंद दरीत एक पंख अचानक जड होणार.

ड्यूटीवरच्या साहेबांनी विचारलं, हे नोंदवावं लागेल, कळतंय ना?

"नोंदवा. आधी मॅडमना सांगा."

साहेबांनी रेडिओवरून कळवलं. खरखर झाली. मग मॅडमचा आवाज आला, सपाट. "ऐकलं. टोकाची जोडी सोडत नाही."

पुढची चाळीस मिनिटं काका उभेच होते. मी खुर्ची सरकवली, त्यांनी पाहिलीही नाही. तुकडी बाहेर पडल्याचा निरोप आला, तेव्हा साहेब हसले. काकांनी फक्त विचारलं, विमान कुठं आहे?

विमान उतरलं. काका पंखाखाली गेले. फीत आकड्यामागे दुमडली होती. मॅडम हेल्मेट काखेत धरून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, मोजल्या मीपण होत्या."

काकांनी दुमडलेली फीत बोटानं सरळ केली.

चौकशीत त्यांचं काम काढून घेतलं गेलं. आता ते माझ्या समोरच्या टेबलावर बसतात, पुस्तकांना कव्हरं घालतात. धावपट्टीकडून इंजिनाचा आवाज आला की उठून खिडकीशी जातात. नवा माणूस हात वर करतो. काकांचे ओठ हलतात. सहा होतात. तरीही ते काचेला कपाळ टेकवून बघत राहतात. इतक्या लांबून नंबर वाचता येत नाहीत.