पाटीवर हुणशीबावी होतं

मी तिला सगळं सांगितलंय, असं माझी बायको शेवटपर्यंत समजत होती. हे एक नव्हतं सांगितलं. कोणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका स्टेशनच्या नावाची. सीमाभागातलं एवढंसं स्टेशन. दगडाच्या खाणीसाठी काढलेलं, खाण बंद पडली तसं तेही बंद झालं. माझे वडील तिथले स्टेशनमास्तर. गावात निम्मी घरं मराठी, निम्मी कानडी. मराठी घरं गावाला चिंचबाव म्हणायची, कानडी घरं हुणशीबावी — अर्थ एकच, चिंचेजवळची विहीर. पण स्टेशनच्या पाटीवर? पोर्टर नव्हता, त्यामुळे गाडी आली की वडीलच पाटीवरचं नाव मोठ्यानं पुकारायचे. ते मी विसरेन? हुणशीबावी.

बसाप्पा माझा तिथला शाळासोबती. मी गिरगावात कारकुनी करायला आलो, तो परळच्या गिरणीत लागला आणि लालबागला आठ-दहा जणांच्या खोलीत राहू लागला. घरची बोली कानडी, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तो माझ्यापुढे असायचा. पोलिसांची लाठी त्यानं खाल्ली होती. मी गडबड दिसली की आधी पळायचो — आता सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो.

आणि माझी मराठी! चाळीतले लोक माझ्या हेलाची नक्कल करायचे, मला ‘कानडी अप्पा’ म्हणायचे. थट्टेनंच म्हणायचे, पण मला ते जिव्हारी लागायचं. खोलीत एकटा असलो की मी घोकून घोकून तो हेल घालवत असे.

एका रविवारी आमच्या चाळीत बैठक भरली. सीमाभाग मराठीच आहे, हे दाखवायला एक पत्रक छापायचं होतं. आमच्या गावापाशी गाडी अडली — त्या बंद स्टेशनचं खरं नाव काय?

बसाप्पा उठला. म्हणाला, "गाव महाराष्ट्रातच याया पायजे, त्यात वाद न्हाई. पर पाटीवर हुणशीबावी हुतं की. खोटं कशाला छापायचं?"

कोणीतरी त्याला फितूर म्हणालं. तो नुसता हसला, माझ्याकडे वळून म्हणाला, "दत्तूला इचारा. ह्येचा बा मास्तर हुता तितं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चळवळीसाठी खोटं बोललो, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. पण त्या क्षणी चळवळ माझ्या डोक्यातही नव्हती. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं, बस्स. मी म्हणालो, "चिंचबाव. पाटी मी रोज पाहायचो."

टाळ्या पडल्या. बसाप्पा खाली बसला.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

बातमी लालबागला पोचायला वेळ लागला नाही. फितुराला आम्ही ठेवत नाही म्हणून खोलीतल्यांनी त्याची ट्रंक जिन्यात आणून टाकली. त्याला मारलंही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ती ट्रंक घेऊन माझ्या दारात उभा राहिला. ओठ सुजलेला. गॅलरीत माझे शेजारी गप्पा मारत होते.

तो हळू आवाजात कानडीत बोलायला लागला. मुंबईत आम्ही आपसात कधीच कानडी बोललो नव्हतो. मग आज का? — मागणं मागताना चाळीला कळू नये, माझी पंचाईत होऊ नये म्हणून. दोन रात्री पडू दे, मग गावी जातो, एवढंच तो म्हणत होता. स्टेशनचा विषयही त्यानं काढला नाही.

शब्दन् शब्द मला कळला होता. शेजाऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मला कानडी येत नाही."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, ट्रंक उचलली आणि जिना उतरून गेला. तो कुठे गेला, ते मी कधी विचारलं नाही. दार लावलं, खाणावळीतून आलेला डबा उघडला आणि पोटभर जेवलो.