विणकरांच्या गल्लीतला नळ

सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला की मला आमच्या कॉलेजचा तो भरलेला हॉल आठवतो. मध्यप्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. बुऱ्हाणपुरात पाणी कोणाला किती मिळतं, याची पाहणी आम्ही विद्यार्थ्यांनी केली होती आणि त्यावरचा निबंध कॉलेजच्या स्पर्धेत मी वाचणार होते. पेठेतल्या अंगणांत नळ वाहत असायचे. विणकरांच्या गल्लीत मात्र नळच नव्हता, तिथल्या बाया खळ शिजवायलासुद्धा तापीवरून हंडे आणायच्या. "गल्लीचं गाळून टाक, अध्यक्ष पाणीखात्याचे साहेब आहेत," असं सरांनी बजावलं होतं. मी नेमकं तेच सावकाश वाचायला लागले. साहेबांनी हात वर केला. "बस, बेटी. नया राज है, शिकायत बाद में." मी कागद खाली न ठेवता म्हणाले, "नवं राज्य आहे म्हणूनच आज सांगते, साहेब." तेवढ्यात मी बोलावलेली गल्लीतली एक विणकरीण मागून उठली, तिच्या लुगड्याला खळीचा तोच आंबूस वास होता. "लड़की को बोलने दो. पानी हम ढोते हैं, आप नहीं." मग मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बक्षीस दुसऱ्याला गेलं, सर वर्षभर बोलले नाहीत. पण उन्हाळ्याआधी गल्लीच्या तोंडाशी नळ बसला. उद्घाटनाला तेच साहेब आले आणि मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी मान खाली घातली नाही. या वयातही ती कोणापुढे खाली जात नाही.