दारात उभ्या माणसाचा दात

माणसाला आधी चेहरा येतो की आधी दात, असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने बेधडक सांगितलं असतं, दात. अर्धं आयुष्य तो कवळ्याच बनवत आला होता. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे पुढच्या खोलीतला आवाज पोचतो पण माणूस पोचत नाही, अशा चिंचोळ्या खोलीत त्याचं टेबल होतं. डॉक्टरीणबाई पुढे हिरड्यांचं माप घ्यायच्या, ते प्लास्टरच्या पांढऱ्या साच्यात उतरून त्याच्याकडे यायचं. मग तो मेणाची हिरडी घडवायचा, तिच्यात एकेक दात रोवायचा आणि तयार तोंड पुढे पाठवून द्यायचा. तोंडाभोवतीचा माणूस त्याला कधी दिसायचा नाही. तो आपला अंदाज करत राहायचा. हा जबडा हट्टी आहे. ही बाई घास एकाच बाजूने चावते. ह्या गृहस्थाने उभा जन्म दातओठ खाण्यात घालवलाय. अंदाज चुकला म्हणून सांगायला कुणी मागे येत नसे, त्यामुळे त्याचे सगळे अंदाज बरोबरच राहिले.

ह्याच सवयीतून कादंबरी सुरू झाली. एक बाप घर सोडून जातो, बायकामुलं त्याच्यावाचून जगायला शिकतात, आणि खूप वर्षांनी एका दुपारी तो दारात येऊन उभा राहतो. बापाचा उजवीकडचा पुढचा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला. तेवढा दात त्याला स्वच्छ दिसला होता. बाकी चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. मुलगा दार उघडतो, समोरचा माणूस तोंड उघडतो, दात दिसतो, मुलगा ओळखतो. इथवर सगळं एका बैठकीत सुचलं आणि त्याला वाटलं, आपली कादंबरी झाली.

तिथेच घोडं अडलं. तोंड उघडून बाप बोलतो काय?

"मला माफ कर" लिहिलं, ते नाटकातलं वाटलं. "मोठा झालास रे" लिहिलं, ते लग्नाच्या मांडवातलं वाटलं. बापाला गप्प ठेवून पाहिलं तर तो मूर्ख दिसायला लागला. मग त्याने तो प्रसंग बाजूला ठेवून आधीची वर्षं लिहायला घेतली, आणि ती लिहिता लिहिता सहा वर्षं गेली. एखाद्या सकाळी चार पानं अशी उतरायची की तो दवाखान्यात शीळ घालत जायचा. दुसऱ्या दिवशी तीच पानं वाचताना त्याला दुसऱ्याच्या अंथरुणात शिरल्यासारखं व्हायचं. एकदा लक्षात आलं की कादंबरीतली आत्या दूध तापवायला म्हणून आत गेली ती दोन प्रकरणं झाली तरी बाहेरच आलेली नाही. तिला बाहेर काढावं तर मधल्या काळात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होऊन गेलेलं, आणि त्या लग्नात ती नाही. एका मासिकाच्या संपादकाने पहिलं प्रकरण वाचून 'पुढचं पाठवा' असं कळवलं, तेव्हा तो आठवडाभर हवेत होता. पुढचं पाठवल्यावर संपादकाची दातखीळ बसली ती बसलीच. मेहुण्याला वाचून दाखवलं. मेहुणा भला माणूस, घोरायला लागण्याआधी त्याने निदान उशी मागितली नाही.

बायको इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना 'काय होतंय?' विचारून तिच्या जिभेला तेच वळण पडलेलं.

"काय होतंय आज तुमच्या कादंबरीला?" ती घरी आल्या आल्या विचारायची. "कुठे दुखतंय? कधीपासून?"

"दारातच दुखतंय. अजून."

"अहो, मला एक कळत नाही. तुमचे वडील कधी गल्लीचं टोक ओलांडून गेले नाहीत. दुकान ते घर, घर ते दुकान. दात सरळ, माणूस सरळ. मग हा पळपुटा आणला कुठून तुम्ही?"

"तेच तर मला कळत नाही."

"मग लिहिताय कशाला?"

"कळावं म्हणून."

"कळलं?"

तो माणूस कुठून आला हे खरोखरच त्याला माहीत नव्हतं. कधी वाटायचं, आपल्या वडिलांच्या आत कुणीतरी निघून जायचं राहून गेलेला माणूस होता, तो हा असेल. कधी वाटायचं, हा आपणच. कधी तर वाटायचं की नुसता एक दात आहे आणि आपण त्याला उगाच माणूस चिकटवत बसलोय.

अशात मुलीची बदली गावात झाली. ती येऊन राहणार, तिला खोली हवी, आणि घरात जादाची खोली म्हणून जी होती तिच्यात कादंबरी राहत होती. टेबलावर कागद, खुर्चीवर कागद, पलंगाखाली दोन खोके.

"हे बघा, मी आजवर कधी बोलले नाही," बायको म्हणाली. ती रोज बोलत होती. "पण पोरगी यायच्या आत तुमच्या त्या माणसाला एक तर घरात घ्या, नाहीतर परत पाठवा. हे भिजत घोंगडं मी तिच्या उशाशी ठेवणार नाही. झालं नाही तर सगळं माळ्यावर."

"माळ्यावर," तो म्हणाला. त्याला स्वतःला ठाऊक होतं की एकदा माळ्यावर गेलेले कागद तो पुन्हा उतरवणार नाही. आत्याला तर तो आयुष्यात कधीच स्वयंपाकघरातून बाहेर काढू शकणार नाही.

त्याने दाताच्या कण्या केल्या, देवाची विनवणी केली, बाप बोलला नाही. दवाखान्यात हात चालू आणि डोकं दारात, असे दिवस जात होते. अशाच एका दिवशी ती चूक झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थाची कवळी मेणाच्या अवस्थेत तोंडात बसवून झाली होती. गृहस्थांनी आरशात पाहिलं, मान हलवली, डॉक्टरीणबाईंनी ती पक्की करायला मागे पाठवली. धुताना पुढचा एक दात मेणातून निसटला. असं होतं कधीकधी. त्याने तो उचलून पुन्हा रोवला, नेहमीसारखा आठवणीवरून. कुणाच्या आठवणीवरून, हा प्रश्न तेव्हा त्याच्या मनात आला नाही. कवळी पक्की होऊन गेली.

दोन दिवसांनी पुढच्या खोलीतून चढा आवाज आला. तो एका बाईंचा होता.

"डॉक्टर, हे दात ह्यांचे नाहीत! मी ह्या तोंडाशी जन्मभर भांडलेय, मला नका शिकवू!"

"काकू, नवीन कवळीला सवय लागायला..."

"सवय मला लागायची की ह्यांना? सकाळी हे हसले आणि मी पदर सावरला. परका माणूस वाटला मला!"

मग डॉक्टरीणबाईंनी त्याला हाक मारली. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला रुग्णासमोर कधी बोलावलं नव्हतं. तो हात पुसत पुढे आला. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघून सवयीने हसून दाखवलं.

उजवा दात डाव्यावर चढलेला होता. किंचित.

एवढ्या वर्षांचा उजेड विझून त्या जागी चेहरा आला होता, आणि तो भलत्याच माणसाचा होता. कान मोठे, भुवया विरळ, गळ्यावर दाढी करताना कापल्याची खूण. ह्यातलं काहीच त्याने लिहिलं नव्हतं.

"हे कसं झालं?" डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"चूक झाली," तो म्हणाला. "माझ्याकडून. दुसऱ्याचा बसला."

"दुसऱ्या कुणाचा?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "कोण आहे तो? कुठे राहतो?"

ह्याचं उत्तर तो सहा वर्षं शोधत होता.

"अगं, जाऊ दे," म्हातारा मधे पडला. "मला तर काही कळतच नाही. आरशात बघतो तर वाटतं, ह्याला कुठेतरी पाहिलंय. दोन दिवस मी त्याला बघतोय, तो मला बघतोय. वाईट नाहीये माणूस."

"तुम्हाला सगळेच बरे! काढा ते आधी!"

म्हाताऱ्याने आज्ञाधारकपणे दोन बोटं घालून कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. ती गरम होती. कवळ्या गरम असतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडे त्या नेहमी थंड यायच्या. दात निघाल्याबरोबर म्हाताऱ्याचे गाल आत गेले, ओठ मिटले, आणि समोर कुणीही असू शकेल असा एक माणूस उरला. म्हाताऱ्याने वर पाहिलं. त्याच्या पोकळ तोंडातून मऊ, ओला, जरासा ओशाळलेला आवाज आला.

"जरा पाणी मिळेल का?"

पाण्याचा पेला खुर्चीशेजारीच होता. पण तो द्यायचं सोडून हा नुसता पेल्याकडे बघतच राहिला. शेवटी बाईंनीच पेला उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या ह्या माणसाला काय झालं आता?"

दुपारी त्याने तो दात सरळ केला. तोंड त्या म्हाताऱ्याचं होतं आणि बायकोही त्याचीच होती. तो चढलेला दात कापून काढताना बोटं जड झाली, तरी केलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको त्या खोलीतला पलंग झटकत होती आणि कागदांचे गठ्ठे दाराशी लावून ठेवलेले होते.

तो त्यांच्यापाशी उकिडवा बसला. "बोलला," तो म्हणाला.

"कोण?"

"बाप. दारातला."

तिचा हात थांबला. "काय म्हणाला?"

"पाणी मागितलं. म्हणाला, जरा पाणी मिळेल का."

ती पलंगाच्या कडेवर टेकली. खिडकीवर बसून ती माणसं ऐकत आली होती. खरं दुखणं कुठलं आणि सांगायचं म्हणून सांगितलेलं कुठलं, हे तिला सुरावरून कळायचं.

"एवढंच?"

"एवढंच. पण सगळा घोटाळा झालाय बघ. आता त्याला दात नाहीत. बोळकं आहे. मुलगा त्याला दातावरून ओळखणार होता, पहिल्या पानापासून मी तो दात पेरत आणलाय. आता तो ओळखणार कसा? की ओळखतच नाही? नाही ओळखलं तर मग ही कादंबरी कशाची? आणि ओळखलं तर बाप पाणी का मागेल, आत का येणार नाही? मला वाटलं होतं हे एक वाक्य सापडलं की सुटलो. हे तर आगीतून फुफाट्यात."

ती म्हणाली, "ते सगळं राहू दे. दिलं का त्याने?"

"काय?"

"पाणी हो. मुलाने. दिलं का?"

त्याने डोळे मिटून पाहिलं. दार होतं, दुपार होती, मोठ्या कानांचा एक म्हातारा होता. मुलगा दिसत नव्हता. मुलाला चेहराच काय, दातही नव्हते.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"कमाल आहे तुमची. तहानलेला माणूस दारात उभा करून म्हणे माहीत नाही." ती उठली, एक गठ्ठा उचलला आणि माळ्याच्या शिडीला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली. जेवणाच्या टेबलावर तिने तो दाणकन ठेवला. "इथे बसा. पोरगी आली की ताटं मांडायच्या आधी उचलायचं, रोज. आणि त्या आत्याला हाक मारा, ती इथेच कुठेतरी असेल. तिला सांगा, पाणी घेऊन जा म्हणावं."

तो खुर्चीत बसला. आत्या. ती दूध तापवायला गेली होती ती सहा वर्षं ओट्याशीच उभी होती, आणि ती त्या माणसाची बहीण होती. ती ओळखेल, दात असोत नसोत. की तीही नाही ओळखणार? त्याने पेन उघडलं. पेला लिहावा की तांब्या, हेही त्याला ठरवता येईना.