भाऊंचा अंदाज

सामन्याचा अंदाज लिहून झाला की भाऊ दोन्ही कान पकडायचे आणि कॉम्प्युटरवरच्या फोटोतल्या कप्तानाला म्हणायचे, "माफ करजो गा बापा. आज तुलेच जिंकवलं म्या."

कारण भाऊंनी ज्याला जिंकवलं तो हरतो, अशी आमच्या क्रीडापानावर त्यांची ख्याती होती. खरं सांगायचं तर ती आम्हीच पसरवली होती. अंदाज बरोबर आला तर कुणी ब्र काढायचं नाही; एखादा चुकला की अख्खं ऑफिस त्यांच्या टेबलाभोवती. पनवती ठरवलेला असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. ऑफिसातले ब्राझीलचे चाहते त्यांना चहा आणून द्यायचे, "भाऊ, आज समोरच्यांना जिंकवा ना." भाऊ चहा प्यायचे आणि स्वतःला पटलेलंच लिहायचे. म्हणायचे, "वाचकाले खोटं सांगू काय?"

गंमत म्हणजे हा माणूस शकुन-अपशकुन मानणारा नव्हता. सक्करदऱ्याला राहायचे, रविवारी विहारात जायचे, आणि महाल भागातल्या एखाद्या दुकानावर लिंबू-मिरची दिसली की त्या दुकानदाराला फैलावर घ्यायचे. "फुटबॉलची गोष्ट अलग आहे गा," एवढाच त्यांचा खुलासा. पण हळूहळू ते खूळ फुटबॉलबाहेरही पसरलं. कुणी आपली पोरगी पास होईल ना, असं विचारलं तरी "पाहू" म्हणून विषय बदलायचे. आम्ही एकमेकांना डोळे मारायचो.

मग वर्ल्ड कपमधला अर्जेंटिना आणि नेदरलँड्सचा तो उपांत्यपूर्व सामना आला. बाद फेरी, हरेल तो घरी. नेदरलँड्स ही भाऊंची तरुणपणापासूनची टीम. तीन वेळा फायनलला जाऊन हरलेली, तरी यांनी ती सोडली नव्हती. त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दवाखान्यात भरती केलं होतं, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. मी म्हणालो, अंदाज मी लिहितो, तुम्ही राहू द्या. ते ऐकेनात. दुपारी वहिनींच्या खाटेजवळ बसूनच त्यांनी मला फोनवर मजकूर सांगितला. अर्जेंटिना पहिलाच सामना हरलेली, नेदरलँड्स अजून एकही नाही. शेवटी म्हणाले, "लिही, नेदरलँड्सचं पारडं किंचित जड."

"भाऊ, अर्जेंटिना लिहा, तुमची टीम वाचेल," मी म्हणालो.

"लिही म्हटलं ना."

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. पलीकडून वहिनींचा आवाज आला, थकलेला पण हसरा. "अहो, साऱ्या दुनियेचं सांगता. आता मायं सांगा ना. मी जिंकन का हारन?"

भाऊंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सांगा ना जी, एका शब्दात सांगा."

"डॉक्टर सांगतीन," भाऊ म्हणाले. "तू झोप."

मी फोन ठेवला आणि खो खो हसलो. डेस्कवर सगळ्यांना नक्कल करून दाखवली, तेही हसले.

नेदरलँड्सनं दोन गोलांची पिछाडी अगदी शेवटच्या क्षणी भरून काढली आणि पेनल्टीवर ती हरली. सकाळी वहिनींना आत नेलं. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत.

भाऊ त्यानंतर ऑफिसात आले नाहीत. स्पर्धा संपल्यावर मी सक्करदऱ्याला गेलो. दार उघडंच होतं. त्यांची पोरगी माहेरी आलेली होती, तिनं चहा टाकला. बोलायला सुचेना म्हणून मी विचारलं, "फायनल पाहिली का?" माझी मलाच लाज वाटली.

"नाही पाहिली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनं दोनदा विचारलं होतं मले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, अन् आत नेतानी. म्या जिंकशीन असं म्हटलं नाही. म्हटलं, मी बोललो अन् काही झालं तं?"

ती पनवती त्यांच्या डोक्यात आम्ही भरली होती, हे मला सांगायचं होतं. आम्ही बरोबर आलेले अंदाज कधी मोजलेच नव्हते, हेही सांगायचं होतं. पण मी कपाच्या कानाशी चाळा करत बसलो. चहा निवला.

"टीमले जिंकन म्हटलं, थे हारली," भाऊ म्हणाले. "हिले काहीच नाही म्हटलं, तरी गेली. म्हंजे माह्या म्हणण्यात काहीच नव्हतं ना गा? मंग म्हणून टाकाले काय झालं होतं मले? खुशीत गेली असती बिचारी आत."